जुन्या भयकथा आज वाचताना: भीती कुठे टिकते, कुठे उडून जाते?

कासारवडवली

जुन्या भयकथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता नाही बुवा भीती वाटत." कारणंही ठरलेली असतात. वाडे गेले, कंदील गेले, घोडबंदर रोडवर रात्री दोन वाजतासुद्धा लख्ख उजेड आणि ट्रकची रांग, मग भुताने यायचं कुठून? मला हे कारण मुळातच पटत नाही. म्हणून हा धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली. किल्ला, धुकं, वटवाघळं, एवढंच आपल्या डोक्यात राहिलेलं असतं. पुस्तक उघडून पाहा. त्यातला डॉक्टर सीवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. हार्कर या तरुण वकिलाची होणारी बायको मीना लघुलेखन शिकलेली आहे आणि सगळ्यांच्या नोंदी टाइपरायटरवर उतरवते. काउंटसाठी, म्हणजे रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलासाठी, लंडनजवळ जे घर बघितलंय, त्याचे फोटो हार्करने कोडॅक कॅमेऱ्याने काढलेत. तारा सुटतात, गाड्यांची वेळापत्रकं पाठ असतात, आणि खुद्द काउंट इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत लोळलेला सापडतो. १८९७ च्या वाचकाला ही त्याची रोजची दुनिया होती. शेकडो वर्षांचं जुनं काहीतरी त्या दुनियेत, रेल्वेची वेळ बघून, घुसतंय. भीती तिथे होती.

एम. आर. जेम्स तर हे उघड सांगतो. हा केंब्रिजचा विद्वान, जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक, आणि इंग्रजी भुताच्या गोष्टींत त्याचं नाव आजही पहिल्या रांगेत घेतलं जातं. त्याचं म्हणणं असं की कथेचा काळ आणि जागा वाचकाच्या ओळखीची हवी. 'आपण सांभाळून राहिलो नाही तर हे आपल्या बाबतीतही होईल' असं वाचकाला वाटलं पाहिजे.

मराठीत हेच काम रत्नाकर मतकरींनी केलं. त्यांच्या गूढकथेला पडका वाडा लागतच नाही. मध्यमवर्गीय घर, नोकरीवर जाणारा माणूस, शेजारपाजार, आणि त्यातून हळूहळू सरकत जाणारी एक फट. स्वतः वीस वर्षं बँकेत नोकरी केलेला लेखक होता तो, त्यांना ही माणसं आतून ठाऊक होती.

माझं म्हणणं इतकंच: या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या जुन्या नव्हत्या, आणि ज्यांनी भीती आपल्या 'आज'च्या वस्तूंना नीट चिकटवली त्या अजूनही चावतात. ज्यांनी नुसता अंधार आणि वारा वापरला त्या विरून गेल्या. तुमचा अनुभव काय? कुठली जुनी कथा आजही टिकते, कुठली नाही, आणि का?

नौपाड्याचा_वाचक

धागा आवडला. तरी अंधाराला इतक्या सहज निकालात काढू नका.

मी भयकथाकार नारायण धारप वाचले ते आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून. संस्था १८९३ सालची, म्हणजे तुमच्या ड्रॅक्युलाहून चार वर्षांनी मोठी. धारपांचं पुस्तक परत आलं की कपाटात जायच्या आधीच दुसरा हात पुढे यायचा. पानांच्या कडा मऊ झालेल्या असायच्या. ती पुस्तकं रात्रीच वाचायची असत, आणि दिवे गेले तर पुढचं पान वाचायला सकाळपर्यंत थांबावं लागायचं. त्या थांबण्यात अर्धी भीती होती. आजच्या वाचकाला थांबावंच लागत नाही. एक पान वाचून तो मोबाइलवर मेसेज बघतो, परत येतो. भीतीला साचायला वेळ मिळत नाही. यात कथेचा दोष नाही.

आता धारपांविषयी. त्यांच्या 'समर्थ' कथा (समर्थ म्हणजे त्यातला वाईट शक्तींशी लढणारा तारणहार) मी आज पुन्हा वाचतो तेव्हा आनंद होतो, पण भीती कमी वाटते. कारण समर्थ येणार आहेत हे ठाऊक असतं. ते आले की धीर येतो, वाईट शक्तीचा पाडाव होतो. म्हणजे ती भयकथा असली तरी तिचा गाभा दिलाशाचा आहे. आमच्या पिढीला तो दिलासा हवाही होता. पण समर्थांशिवायच्या त्यांच्या कथा, जिथे वाचवायला कोणी येत नाही, त्या आजही जड जातात. त्यांचं शिक्षण विज्ञानाचं होतं, विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या, त्यामुळे त्यांच्या अमानवी जगाला नियम असतात. अमुक केलं तर अमुक होणार, यात सुटका नाही. नियम असलेलं भूत मला जास्त भयंकर वाटतं.

ऐरोलीकर

काका, वेळ साचण्याचा मुद्दा एकदम मान्य. मी ट्रान्स हार्बरने रोज ठाण्याला येतो आणि भयकथा बहुतेक वेळा कानांत ऐकतो. ऐकताना पान उलटून पुढे डोकावता येत नाही, सांगणाऱ्याच्या वेगाने चालावं लागतं. संथ कथा ऐकताना जास्त चांगल्या लागतात. त्यामुळे 'आजच्या पोरांना संथ काही चालत नाही' हे मला पटत नाही.

मला जुन्या कथांची अडचण वेगळीच वाटते. त्यातलं गुपित सगळ्या जगाला आधीच माहीत असतं. 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' (१८८६) घ्या. त्या पुस्तकात जेकिल आणि हाइड एकच आहेत हे शेवटाकडे उघड होतं. तोपर्यंत वाचक वकील अटर्सनच्या बरोबरीने चाचपडतो, की हा नीच माणूस या सज्जन डॉक्टरला ब्लॅकमेल करतोय का, मृत्युपत्र त्याच्या नावावर का केलंय. आज शाळेतल्या मुलालाही उत्तर ठाऊक आहे. पुस्तक संपूर्ण एका रहस्यावर उभं आणि ते रहस्यच म्हणीसारखं वापरात आलेलं. ही कथा म्हातारी झाली नाही, ती प्रसिद्धीने मेली.

ड्रॅक्युलाचंही थोडं तसंच. हार्करला काउंटचं प्रतिबिंब दाढीच्या आरशात दिसत नाही. १८९७ च्या वाचकाला तिथे थंडी वाजली असेल. मला वाटलं, हो, माहितीये, पुढे. तरी एका जागी मी खरंच दचकलो: काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून पालीसारखा उतरतो. ते कुठल्याही सिनेमात बघून झालेलं असलं तरी वाचताना अंगावर आलं, कारण हार्कर त्याआधी कितीतरी पानं फक्त दारं तपासत असतो. सगळी बंद.

रातवा

+१. वाचनखूण साठवली.

लॅबवाली

मी कळव्याला रक्तपेढीत काम करते, त्यामुळे ड्रॅक्युला वाचताना माझं लक्ष भलत्याच ठिकाणी अडकलं. मीनाची मैत्रीण लूसी, जिचं रक्त काउंट पितोय, तिला वाचवायला एकामागून एक चार पुरुषांचं रक्त देतात. आर्थर, सीवर्ड, व्हॅन हेल्सिंग (काउंटचा बंदोबस्त करायला आलेला जाणता प्राध्यापक), क्विन्सी. कोणाचं कोणाला जुळतं याची तपासणी नाही, कारण रक्तगट तेव्हा ठाऊकच नव्हते. कार्ल लँडस्टायनरने ते १९०१ साली मांडले, पुस्तक येऊन चार वर्षं झाल्यावर.

पहिल्यांदा वाटलं की इथे कथा माझ्यासाठी तुटली. पण तुटली नाही, उलट दुसरीच भीती आली. लूसी प्रत्येक वेळी थोडी सावरते आणि पुन्हा ढासळते. पुस्तक सांगतं की काउंट रक्त पितोय. माझ्यातली तंत्रज्ञ म्हणते, बाई गं, तुम्हीच मारताय तिला. चार चांगली माणसं, प्रेमापोटी, आपल्या दंडातलं रक्त देऊन. स्टोकरला हे अभिप्रेत नव्हतं, त्याला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण आजच्या वाचकाला जुन्या कथेत असं काही मिळतं जे पहिल्या वाचकाला मिळालं नसतं. कथा टिकते का, या प्रश्नात हेही धरायला हवं. आपलं ज्ञान वाढलं की भीती जाते असं नाही, कधीकधी ती जागा बदलते.

कासारवडवली

@लॅबवाली, हे कधी सुचलंच नव्हतं. मनापासून आभार.

@ऐरोलीकर, प्रसिद्धीचा मुद्दा मान्य, पण मग 'माकडाचा पंजा' का मरत नाही? डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ही १९०२ ची कथा. तीन इच्छा, प्रत्येक इच्छेची किंमत, हा साचा तर जगभर वापरून गुळगुळीत झालाय.

ऐरोलीकर

त्याचं उत्तर त्या कथेतच आहे असं मला वाटतं. (ज्यांनी वाचली नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या.)

पंजा भारतातून आलेला, एका फकिराने भारलेला, तो आणणारा सार्जंट मेजर इथे एकवीस वर्षं काढून परतलेला. हा भाग आज आपल्याला खटकतो. साहेबाला गूढ काही हवं असलं की ते आपल्याकडूनच न्यायचं, ही त्या काळची सवयच होती. पण कथा तिथे थांबत नाही. म्हातारा व्हाइट मागतो काय, तर दोनशे पौंड. घराचं कर्ज फेडायला. राज्य नाही, सोनं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला. कंपनी जबाबदारी नाकारते, पण त्याच्या कामाची कदर म्हणून काही रक्कम देऊ करते. किती, हे तुम्हाला कळलंच असेल.

माझे वडील तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात होते. आमच्या घरात गृहकर्ज आहे. ती रक्कम वाचताना मला माकड दिसलं नाही, फकीर दिसला नाही. कंपनीचा तो भला माणूस दिसला, जो खिडकीबाहेर बघत बोलतो. शेवट माहीत असून उपयोग होत नाही, कारण ती भीती शेवटावर उभीच नाहीये. आईच्या हट्टाने दुसरी इच्छा म्हणून मेलेला मुलगा परत मागितला जातो, आणि शेवटी दारावर थाप पडते तेव्हा बाहेर कोण आहे ते लेखक एकदाही दाखवत नाही. आई कडी काढायला धडपडते, बाप तिसरी इच्छा मागायला पंजा शोधतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. कुठलाही सिनेमा इथे मोह आवरू शकणार नाही.

गावठाणातली

सगळे प्रतिसाद वाचले. आता मला वेगळं बोलायचंय.

मी बेलापूरजवळच्या गावठाणात वाढले. १९७० साली सिडको आली, शेतं आणि मिठागरं गेली, टॉवर आले. आमच्याकडे गावदेवी, वेताळ, समुद्रावर जाणाऱ्यांचे देव, सगळे आहेत, आणि आमच्यासाठी ते घरातले आहेत. त्यांचा मान ठेवायचा, वर्षाचं देणं द्यायचं. पण शहरी माणसाने लिहिलेल्या गोष्टीत तोच देव लगेच भूत होतो. गावाबाहेरचा पार, शेंदूर लावलेला दगड, अंगात आलेली बाई, बोली बोलणारा काळासावळा म्हातारा जो पाहुण्याला "तिकडं जाऊ नका" सांगतो. मी अशा गोष्टी वाचते तेव्हा मला भीती कशी वाटणार? तो म्हातारा माझा आजा आहे.

हे इंग्रजीतही आहे, अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांत तर किती ठिकाणी परका वंश हाच भीतीचा मसाला. त्याच्या कल्पनेची झेप मोठी आहे हे मला दिसतं. पण ज्याला भूत ठरवलंय त्याच्या बाजूला मी बसलेली असते, आणि तिथून गोष्ट वेगळीच दिसते.

तसंच हडळ. आपल्याकडच्या समजुतीत हडळ, आलवंतीण या कोण? बाळंतपणात किंवा पोटुशी असताना मेलेली बाई. म्हणजे जिला वेळेवर सुईण मिळाली नाही, पथ्य मिळालं नाही, जिला दुखत असताना कामाला लावलं, ती मेली की तिचीच भीती. जुन्या कथेत तरुण पुरुष रात्रीचा चाललाय, बाई दिसते, पाय उलटे. वाचक पुरुषाबरोबर पळतो. मी आता त्या बाईपाशी थांबते आणि विचारते, तुझं नाव काय होतं. बऱ्याच कथांना याचं उत्तर देता येत नाही. ज्यांना देता येतं त्याच माझ्यापुरत्या टिकतात.

नौपाड्याचा_वाचक

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, भर घालतो.

आम्ही ठाणेकर असल्या एका गोष्टीबरोबर राहतो. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. "ठाण्याला पाठवा याला" हे वाक्य साऱ्या महाराष्ट्रात थट्टेने म्हटलं जातं. जुन्या भयकथेत वेड लागणं ही मरणाहून वाईट शिक्षा असते, आणि वेडा माणूस हा धोक्याचा कंदील. ड्रॅक्युलातला रेनफील्ड बघा. सीवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला रोगी, माश्या खातो, कोळी पाळतो, आणि त्याचं सगळं प्रयोजन इतकंच की धनी जवळ आल्याची वर्दी द्यायची. तरुणपणी मला रेनफील्डची किळस आली होती. आज वाचताना लक्षात येतं की त्या इस्पितळात खरं काय चाललंय ते सर्वांत आधी त्याला कळलेलं असतं. तो हात जोडून सांगतो, मला आज रात्री इथून जाऊ द्या. एकापेक्षा एक शिकलेली माणसं समोर उभी असतात, आणि त्याचं बोलणं वेडात काढतात. तो मरतो. पुस्तकातलं सगळ्यात भयानक प्रकरण मला आता ते वाटतं.

स्टोकरने हे जाणून लिहिलं का, सांगता येणार नाही. पण त्याने रेनफील्डला नीट बोलू दिलं, वाक्यं दिली. म्हणून इतक्या वर्षांनी आपण त्याच्या बाजूला जाऊन बसू शकतो. ज्या कथांत वेडा फक्त हसतो आणि किंचाळतो, तिथे ही सोय नाही.

पारसिक

एक वेगळा आणि थोडा अप्रिय प्रश्न. या कथांनी अंधश्रद्धा पसरत नाही का? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. त्यानंतर मांत्रिक, करणी, उतारा यांनी भरलेल्या कथा मजेत वाचणं मला जमत नाही. काका म्हणाले समर्थ येतात आणि धीर येतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात असाच एक 'धीर देणारा' येत होता, आणि आजारी मुलीला डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला. मला तो धीर नको.

कासारवडवली

प्रश्न अप्रिय मुळीच नाही. मला वाटतं इथे सगळ्या कथांना एका दावणीला बांधून चालणार नाही. 'हे सत्य आहे, अमुक गावात घडलंय' असं सांगून फिरणारे जे मेसेज आणि व्हिडिओ असतात ते मला घातक वाटतात. पाम बीच रोडवर रात्री अमुक वळणावर बाई दिसते, असं कोणीतरी शपथेवर सांगतं. तिथे अपघात होतात त्याची कारणं वेग आणि दारू ही असतात, पण मेसेजमध्ये त्यांना जागा नसते. कथा तसं करत नाही. तिच्या वर लेखकाचं नाव असतं. वाचकाशी करार असतो की चल, तासभर असं धरून चालू.

पण तुमचा तारणहाराबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो साहित्यिक अंगानेही खरा आहे. कोणी सर्वज्ञ येऊन सगळं निस्तरतो तिथे भीती पातळ होते. व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणं आज किती जण पुरती वाचतात? मी तर पानं ओलांडते.

रातवा

पारसिक यांच्या प्रश्नाला रवींद्रनाथांची एक कथा उत्तर देते असं मला वाटतं. 'क्षुधित पाषाण', १८९५. सतरा वर्षांचे असताना रवींद्रनाथ भावाकडे अहमदाबादला शाहीबागच्या जुन्या महालात राहिले होते, तिथून ही कथा आली.

कापसावरचा कर गोळा करणारा एक अधिकारी नदीकाठच्या ओसाड महालात राहतो. दिवसा तो साहेबी कपड्यांत हिशेब करतो. रात्र झाली की महालातलं अडीचशे वर्षांपूर्वीचं जग जागं होतं, पैंजण, अत्तर, कारंजी, बंदिवान केलेल्या स्त्रियांचे हुंदके. तो त्या जगात जातो आणि सकाळी एका वेड्याच्या ओरडण्याने बाहेर येतो. तो वेडा रोज पहाटे महालाभोवती फिरून ओरडत असतो की दूर व्हा, सगळं खोटं आहे. (काकांचा रेनफील्ड इथेही आहे, आणि इथेही खरं तोच बोलतोय.)

आता गंमत बघा. ही हकीकत गाडीची वाट बघताना एक अनोळखी प्रवासी सांगतोय. ती ऐन भरात येते, आणि गाडी येते. सांगणारा एका साहेबाच्या डब्यात चढून निघून जातो. गोष्ट अर्धी. निवेदक म्हणतो, आपल्याला बनवलं त्याने, सगळी थाप होती. त्याच्याबरोबरचा थिऑसॉफीवाला, म्हणजे गूढविद्या मानणारा, नातेवाईक म्हणतो, सगळं खरं. दोघांचं यावरून कायमचं फाटतं. रवींद्रनाथ कुणाचीच बाजू घेत नाहीत. मांत्रिक नाही, उतारा नाही, उलगडा नाही. विश्वास ठेवणं आणि न ठेवणं, दोन्ही वाचकावर सोडलेलं. गावठाणातली ताईंनाही ही आवडेल, कारण तो महाल भुकेला का आहे याचं कारण तिथे कोंडलेल्या बायकांच्या दुःखात आहे. 'लेकिन' (१९९१) या चित्रपटाचं बीज याच कथेत आहे. चित्रपट देखणा आहे, गाणी तर विचारूच नका. तरी मूळ कथेतला तो तुटलेला शेवट मला मोठा वाटतो.

ऐरोलीकर

ही वाचणार. आणि धागाकर्त्या ताईंना एक उलटा प्रश्न. तुम्ही म्हणता वाडा आणि कंदील विरून जातात. मग 'तुंबाड' या चित्रपटाचं काय? १९१८ ते १९४७ मधली गोष्ट, सगळा पाऊस, वाडा, कंदील. २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लागला तर पहिल्या वेळेहून जास्त गर्दी. माझ्या वयाचीच मुलं होती सगळी. त्यातल्या आजीचं मूळ धारपांच्या कथेत आहे हे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी स्वतः सांगितलंय.

कासारवडवली

चांगलं पकडलंस. तुंबाडमधला वाडा नुसता देखावा नाही असं माझं मत. तिथे माणूस पोटाशी एक खुळी लालसा धरून आत उतरतो, वर येतो, मोहरा मोजतो आणि पुन्हा उतरतो, आणि मुलाला तेच शिकवतो. घर घेण्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या शहरातल्या मुलांना यात ओळखीचं काही वाटलं नसेल? काळ लांबचा होता, लालसा शेजारची.

धारपांच्याच 'लुचाई'विषयीही असंच म्हणता येईल. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली. आणि किंगच्या डोक्यात प्रश्न होता की ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात आला तर? म्हणजे स्टोकरकडून किंगकडे, किंगकडून धारपांकडे. प्रत्येकाने भुताला आपल्या गल्लीत आणून सोडलं. आपल्याकडचे आजचे लेखक हेच का करत नाहीत, ही माझी खरी तळमळ आहे. येऊरच्या कुशीला टॉवर उभे आहेत, बिबट्या सोसायटीच्या आवारात येतो, गावठाणाच्या अंगणावर पंचविसाव्या मजल्याची सावली पडते, मेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपमध्ये तसाच राहतो. आणि आपण अजून बैलगाडीतून अमावास्येला गावी निघालोय.

गावठाणातली

अंगणावरच्या सावलीची गोष्ट लिहायला मी तयार आहे. पण भूत टॉवरमध्ये राहणारं असेल.

कासारवडवली

लिहा! खरंच लिहा. इथेच टाका, आम्ही वाट बघतो.

नौपाड्याचा_वाचक

लिहाच, ताई.

ऐरोलीकर, तू जेम्स वाचला नाहीस असं दिसतं. 'ओह, व्हिसल, अँड आय विल कम टु यू, माय लॅड' वाच, १९०४ च्या संग्रहातली. तुला संथ चालतं म्हणालास, म्हणून ती सुचवतो.

ऐरोलीकर

वाचली, काका. काल जाताना अर्धी, येताना अर्धी. सुरुवातीचा गोल्फ जरा लांबला. प्राध्यापक पार्किन्सला समुद्रकाठच्या अवशेषांत शिट्टी सापडते आणि तो ती वाजवतो, तिथपासून मात्र मान वर काढली नाही. खोलीत दोन खाटा, एक रिकामी. ती रिकामी खाट सकाळी कुणी झोपल्यासारखी विस्कटलेली. मग रात्री तिच्यावरून काहीतरी उठून बसतं, आणि त्याला चेहरा असतो तो चुरगळलेल्या चादरीचा. बस, एवढंच. चादर! प्रत्येक हॉटेलात असते, प्रत्येक वसतिगृहात असते.

पण तुमच्या अंधाराच्या मुद्द्याला ही कथा उलटी जाते. तो प्रसंग अंधारात नाही, चंद्राच्या उजेडात आहे. पार्किन्सने लावलेला आडोसा कोसळतो, त्याला जाग येते तेव्हा चंद्र थेट तोंडावर असतो. अंधार असता तर त्याला काही दिसलंच नसतं. भीतीला उजेड लागला.

नौपाड्याचा_वाचक

कथेतल्या माणसाला उजेड लागला, बरोबर. ऐकणाऱ्यांचं काय? जेम्स या गोष्टी नाताळात मित्रांना वाचून दाखवायचा, आणि वाचायला बसण्याआधी एक सोडून सगळ्या मेणबत्त्या विझवायचा. पार्किन्सला चांदणं दिलं, श्रोत्यांना अंधार. त्यामुळे माझं मत मी बदललेलं नाही.

आता त्याचीच 'कास्टिंग द रून्स' वाच, ही १९११ ची. डनिंग नावाचा माणूस विजेच्या ट्रामने घरी चाललाय. समोरच्या काचेवर जाहिराती. वेळ घालवायला तो त्या वाचतो. त्यात एक जाहिरात कुणा मेलेल्या माणसाच्या नावाची, मृत्यूच्या तारखेसह, आणि खाली ओळ, की त्याला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तो कंडक्टरला दाखवतो. बघायला गेलं तर ती अक्षरं चिकटवलेली नाहीत, काचेच्या आतच आहेत. पुढचं सांगत नाही.

कासारवडवली

काका, ही माझ्या बाजूची कथा आहे बरं का! विजेची ट्राम तेव्हा अगदी नवी. आज तो लोकलच्या डब्यातल्या जाहिराती वाचत बसला असता.

ऐरोलीकर

मी रोज वाचतो त्या. घर भाड्याने, पार्ट टाइम काम, मूळव्याध. ही कथा ऐकायला मिळते का बघतो, नाहीतर मूळ इंग्रजी वाचीन. कुणाला चांगला मराठी अनुवाद माहीत असेल तर कृपया इथे सांगा. घरी आईलाही द्यायचीय, ती इंग्रजी वाचत नाही, आणि 'माकडाचा पंजा' मी तोंडी सांगितल्यापासून अजून एक सांग म्हणून मागे लागलीय.

लॅबवाली

अनुवाद मिळाला नाही तर तोंडीच सांग. आईला रात्रीची सांगणार असशील तर जेवणं उरकल्यावर, सलग सांग. काकांची एक मेणबत्तीही चालेल.